दाढेच्या आकाराचा केक

सातारा, १ जानेवारी १९४६, मंगळवार

आज नवी रोजनिशी. पहिलं पान चांगल्या आठवणीनं सुरू करावं असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेट सांगत.

तर आठवण. मागच्या दाराची पायरी, दुपारची वेळ, हंबीर सहा वर्षांचा, शेजारी मी. मधे एक बशी आणि तिच्यात मी केलेल्या केकचे दोन तुकडे. तो पाय हलवत खात होता, मी बघत होते. मग तो थांबला आणि हातातला तुकडा त्यानं माझ्यापुढे धरला. तुकड्यात त्याचा पहिला दुधाचा दात रुतलेला. रडला नाही. म्हणाला, "आई, केकनं काढला. दुखलं नाही."

एवढंच. पण माझं ठाम मत आहे की हंबीर त्याच क्षणी दातांचा डॉक्टर झाला. पुढची मुंबईची परीक्षा, लढाईतली पलटणीची नोकरी, हे सगळं नुसते सोपस्कार. लालासाहेबांचं म्हणणं वेगळं. केक दगडासारखा होता, म्हणतात. (लालासाहेब म्हणजे आमचे हे, रिटायर सुभेदार. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे नवऱ्याचं नाव बेधडक लिहिते. तोंडानं घेत नाही.)

हंबीर पलटण सोडून आला. दहा फेब्रुवारीला सांगलीत दातांचा दवाखाना उघडतो आहे.

नव्या वर्षाचे संकल्प. हंबीरच्या कामात लुडबुड करायची नाही. न्याहारीच्या वेळी कॉन्व्हेंटचा विषय काढायचा नाही.

उद्घाटनाचा केक मी करणार. ही लुडबुड नव्हे.

४ जानेवारी, शुक्रवार

केक दाढेच्या आकाराचा करायचं ठरलं. वर पांढरंशुभ्र आइसिंग. बघताच लोकांना दातांची गोडी लागावी.

साखर रेशनची, तेव्हा आजपासून घरात गुळाचा चहा. लालासाहेबांनी एक घोट घेतला आणि कवळी काढून पाण्याच्या पेल्यात ठेवली. ही कवळी हंबीरनं स्वतः बनवून दिली आहे. तेव्हापासून वाद घालायचा नसला की ते ती काढतात. बिनदाताच्या माणसाशी भांडता येत नाही. काय म्हणतो तेच कळत नाही.

स्वयंपाकाच्या रंगूबाईला केकचं सांगितलं. म्हणाली, "आवं बाईसाहेब, दाढ कुनी खातं व्हय?" मी समजावलं की विलायतेत घोड्याच्या नालाच्या आकाराचासुद्धा केक करतात. "मग काय, त्यो नाल खात्यात?"

संकल्प: रंगूबाईला काही समजावून सांगायचं नाही.

१२ जानेवारी, शनिवार

रंगीत तालीम. सदर बझारात दिलावरची बेकरी आहे. पाव निघाले की त्याची भट्टी थोडी निवते, तेवढ्या वेळात आपला केक.

भाकरीसारखा बसला. खालून करपला, वरून ओला. कारण उघड आहे, दिलावरनं भट्टीचं दार सारखं उघडलं. उघडायला मीच सांगत होते, पण त्यानं ऐकायला नको होतं. इतक्या वर्षांचा बेकर. वर मलाच म्हणतो, "आक्का, येवढं डोकावून बघितलं तर पावबी लाजंल."

एकूण तालीम यशस्वी. काय करू नये ते कळलं.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

हंबीर सांगलीहून आला, दिवसभर राहिला. वाळला आहे. तिळगूळ खाताना डोळे खिडकीबाहेर.

खोदून विचारलं तेव्हा बोलला. सांगलीत दातांच्या डॉक्टरवर कुणाचा भरवसा नाही. दात काढला की डोळे जातात म्हणतात. दुखणं असह्य झालं की आठवड्याच्या बाजारात पक्कडवाल्याकडे जातात. दवाखान्याची खोली नानासोंची आहे. मोठे ऊसबागायतदार, पेठेत त्यांचं घर, रस्त्याकडेची खोली त्यांनी हंबीरला दिली, पण पाडव्यापर्यंतच. तोवर पेशंट दिसले तर ठीक, नाहीतर खोली हळदीच्या व्यापाऱ्याला. मग हंबीर परत पलटणीत. तिकडून बोलावणं आलंच आहे, जबलपूरचं.

खुद्द नानासोंची आई, राहीबाई, आटपाडीला गाल सुजवून बसली आहे. पण तोंड उघडत नाही. तिला एकदा खुर्चीत बसवलं की सगळा मुलूख येईल, हंबीर म्हणतो.

मी नकाशात जबलपूर बघितलं. इतक्या लांब पेढेसुद्धा वाटेत आंबतील.

निघताना म्हणाला, "आई, उद्घाटनाला येताना सातारचे पेढे आण. फक्त पेढे." मग पायरी उतरल्यावर वळून पुन्हा, "फक्त पेढे." लहानपणापासून असाच. हवं असतं ते तोंडानं मागत नाही. दोनदा नको म्हणाला, त्यावरून मला कळलं की केकची किती आस आहे.

२९ जानेवारी, मंगळवार

साखरेचा डबा उघडला तर निम्मा. लालासाहेब मुंग्यांचं नाव घेतात. आमच्या मुंग्या चहा पितात असं दिसतं.

पांढरं आइसिंग गेलं. सकाळभर डोकं धरून बसले. मग एकदम सुचलं. हंबीरच मागे म्हणाला होता, सी व्हिटॅमिन हिरड्यांना उत्तम, आणि ते आवळ्यात भरपूर. अंगणात आवळे पडले आहेत. मलकापूरहून आलेली काकवी घरात आहे. आवळ्याचं आइसिंग! दंतवैद्याच्या दारी दातांना हितकारक केक. असा विचार सातारा जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केला नसेल.

आवळे उकडून किसले, काकवीत शिजत घातले. तांब्याच्या पातेल्याची कल्हई गेली आहे आणि कल्हईवाला आठ दिवस नुसता 'उद्या' सांगतो. म्हणून लोखंडी कढई घेतली. शिजवून झाल्यावर झाकून ठेवली. मुरू दे.

३० जानेवारी, बुधवार

झाकण काढलं. कढईत काळं, दाट, चकाकणारं काहीतरी. काहीतरी कसलं, चॉकलेट! कॉन्व्हेंटच्या मोठ्या सणाला सिस्टर बर्नाडेट करत तसं हुबेहूब. लढाई सुरू झाल्यापासून कोकोचा डबा डोळ्यांनी बघितला नाही, आणि माझ्या कढईत आवळ्याचं चॉकलेट झालं. मी तिथेच पाटावर बसून रडले.

रंगूबाई म्हणाली, "शुभ कामाला काळं? संक्रांत झाली की आता." चाखून बघ म्हटलं तर बोटभर चाटलं. थोड्या वेळानं बघते तर तिचे ओठ आणि दात काळेकुट्ट. मिश्री लावू नको म्हणून किती वर्षं सांगते आहे. हंबीरच्या दवाखान्याची खरी गरज कुणाला आहे ते आमच्याच स्वयंपाकघरात दिसलं.

२ फेब्रुवारी, शनिवार

थोडं लोणी घालून घोटलं. चव आंबटगोड, मागाहून किंचित तुरट. उंची.

ढवळायचा चांदीचा चमचा डागाळला. सराफानं फसवलं असणार.

संध्याकाळी आरशात माझी जीभ काळी दिसली. आरसा जुना आहे, पारा उडालाय.

लालासाहेबांना वाटीभर दिलं. मुकाट्यानं खाल्लं, मग मोरीत जाऊन कवळी काढली आणि ब्रशनं बराच वेळ घासत बसले. इतकी काळजी ते आवडीचं खाल्ल्यावरच घेतात.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

केक फुगला! दिलावरला भट्टीला हात लावू दिला नाही, मीही लावला नाही. सुरीनं कापून दाढ घडवली. खाली चार मुळं. लालासाहेब म्हणाले, चौरंगासारखी दिसते. मुळं कधी पाहिली आहेत का, म्हणून विचारलं. म्हणाले, "माझी सगळी पाहिली. एकाबी दाढेला चार नव्हती."

वरून काळं आइसिंग ओतलं. दिलावर लांब उभा राहून बघत होता. "आक्का, दाढ लई झ्याक झालीया. पर किडल्याली का केली?"

दुकानदार माणूस. कला कळायची नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार. मिरज स्टेशनवर

सातारा रोडपासून केकची पत्र्याची पेटी मांडीवर. पाय बधिर. डब्यातल्या एका बाईनं विचारलं, पेटीत काय? दाढ, म्हणाले. ती उठून दुसऱ्या बाकावर गेली.

सांगलीची गाडी लागायला वेळ आहे, लालासाहेब बाकावर पेंगताहेत. मनात हंबीरचा चेहरा. पेढे आणायचे राहिले.

सांगली, १० फेब्रुवारी, रविवार. दुपारी, दवाखान्याच्या मागल्या खोलीत

घाईघाईनं लिहिते. फार मोठं यश!

दारावर पाटी, 'पांढऱ्याशुभ्र दातांसाठी'. खाली टेबलावर माझी दाढ. हंबीरनं ती बघितली आणि डोळ्यांवर हात ठेवला. गहिवरला. मग हळूच "पेढे?" म्हणाला. मी म्हटलं, अरे, आता पेढे कशाला.

नानासोंनी सुरी घेतली. सगळ्यांनी खाल्लं, दोन वकील, शाळेचे हेडमास्तर, व्यापारी मंडळी. राहीबाईसुद्धा आटपाडीहून आल्या आहेत, गालाला फडकं बांधून. सुजऱ्या बाजूला घास न लावता खाल्लं आणि दुसरा तुकडा मागितला. पाहुण्यांत दुसरा मागणाऱ्या त्या एकट्याच. बाकीचे संकोचले. मग त्यांनी हंबीरचा तोंडात घालायचा छोटा आरसा मागून घेतला, आपलं तोंड बघितलं आणि आरसा परतच देईनात.

आता सगळे गप्प आहेत. चवीनं माणूस गप्प होतो. नानासो भाषणाला उभे राहताहेत. जाते.

११ फेब्रुवारी, सोमवार

शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

नानासो उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, आजपासून आपले दात डॉक्टर हंबीररावांच्या हातात." आणि हसले. त्यांचं तोंड आतून विझलेल्या चुलीसारखं काळं. पुढच्या रांगेतले वकील मोठ्यानं हसले, तर त्यांचंही तसंच. मग प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बघितलं. रुमाल निघाले. रुमाल काळे झाले, दात पांढरे झाले नाहीत. हेडमास्तर "पाणी, पाणी" करत रस्त्यावर धावले, तिथं त्यांच्या शाळेची पोरं उभी.

फोटोग्राफर "हसा" म्हणाला. मग म्हणाला, "नको, तोंडं मिटा." फोटोसाठी एकटे लालासाहेब हसले. ते मोरीवर जाऊन कवळी धुऊन आले होते. पांढरेशुभ्र दात त्यांचेच. हंबीरचं काम त्यातच दिसलं, असं मी म्हणाले.

हंबीर अंधार पडेपर्यंत सोडा आणि लिंबू घेऊन एकेकाचे दात घासत होता, फुकट. माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. हात धुताना इतकंच म्हणाला, "आई, आवळा लोखंडात काळा पडतो. पोरी केसांना लावतात तो."

हे मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवलं नाही.

पेठेत बातमी फिरली आहे की नवा डॉक्टर आधी दात काळे करतो आणि मग पांढरे करायचे पैसे मागतो. आज सकाळी हळदीचा व्यापारी येऊन खोली मोजून गेला.

सातारा, १३ फेब्रुवारी, बुधवार

लालासाहेबांनी मला घरी सोडलं आणि लगेच परत सांगलीला निघाले. हंबीरला सोबत हवी म्हणाले. सोबत मीही देऊ शकते, म्हटलं. त्यांनी कवळी काढली.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

सांगलीहून काही नाही. माझे दात सकाळी बघितले, पिवळट झाले आहेत. म्हणजे पूर्ववत.

नीट विचार केला. दोष कुणाचा? कल्हईवाला वेळेवर आला असता तर कढई घेतलीच नसती. चहातल्या मुंग्या नसत्या तर आइसिंग पांढरं झालं असतं. दिलावरला दाढ किडकी दिसली तर स्पष्ट सांगायला हवं होतं. सांगितलं होतं, पण स्पष्ट नव्हे.

उरलेलं आइसिंग चिनी मातीच्या बरणीत आहे. रंगूबाई फेकून द्या म्हणते. काकवी आहे त्यात.

रंगूबाईनं विचारलं, "धाकलं सायेब परत पलटनीत जानार व्हय?" मी म्हटलं, कोण म्हणतं. मग स्वयंपाकघरात जाऊन नकाशा पुन्हा उघडला. जबलपूर तिथंच आहे.

संकल्प: उगाच रडायचं नाही. कांदे चिरताना चालेल.

२७ फेब्रुवारी, बुधवार

लालासाहेब आले! पायातले जोडे काढायच्या आत विचारलं. आधी चहा म्हणाले. साखरेचा करून दिला.

मागल्या आठवड्यात सोमवारी राहीबाई पुन्हा दवाखान्यात आल्या, आपल्या पायांनी. हंबीरपुढे खुर्चीत बसून म्हणाल्या, "बाबा, तुज्या आयनं लावल्यालं ते दातवन हाय का अजून?"

दातवण! जुन्या काळी लग्न झालेल्या बाया दात काळे करून घेत, ते सौभाग्याचं समजत. राहीबाईंच्या लग्नातलं त्यांना आठवलं. मग चांगलं दातवण मिळेनासं झालं, सुना हसायला लागल्या. त्या दिवशी आरशात बघितलं तर पंधरा वर्षांची राही दिसली. मालकांनीही, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानंही, ओळखलं म्हणे. काठी टेकत शेतावर निघालेले, थांबले आणि म्हणाले, "आगं, ही कवाची तू?" चार दिवसांत रंग उडाला आणि राहीबाईंना चैन पडेना.

हंबीर म्हणाला, आधी ती दाढ दाखवा, मग दातवण. राहीबाई म्हणाल्या, "काढ. पर काळं करून दिल्याबिगर मी खुर्चीवरनं उठनार न्हाई." त्यानं सुई दिली, दाढ काढली आणि माझ्या केकवरचं उरलेलं काळं दातांना लावून दिलं. राहीबाईंनी दाढ पदराच्या गाठीत बांधून आटपाडीला नेली आणि गावभर दाखवली. डोळे शाबूत आहेत, हेही दाखवलं.

त्यानंतर गाड्या भरून म्हाताऱ्या येताहेत. सगळ्यांची एकच अट. हंबीर आधी तोंड तपासतो, किडलेलं काढतो, आणि मिश्री सोडायची शपथ घालतो. आवळ्यानं नुकसान नाही, चार दिवसांत उडतं, तंबाखूपेक्षा कितीतरी बरं, असं त्याचं म्हणणं. दारावरची 'पांढऱ्याशुभ्र दातांसाठी' पाटी एका म्हातारीनं मागे फिरवून ठेवली. नानासोंनी हळदीच्या व्यापाऱ्याला सांगितलं, खोली दिली म्हणून.

जबलपूर नाही!

मी लालासाहेबांना विचारलं, बोलावलंय का मला? उद्या निघू? नवा केक करते, या वेळी गोल.

लालासाहेबांनी कवळी काढली नाही. तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणाले, "तिकडलं काळं संपलंया, बरणी मागितलीया. रंगूबाईचा दीर शनवारी सांगलीला जातोय, त्याच्याकडं दे. आनि हंबीर म्हणाला, आईला म्हणावं, आइसिंग करत राहा. केक नको. इतक्या लांब येण्याचा त्रासही नको."

१ मार्च, शुक्रवार

सकाळी आवळे किसले. कढई तीच. या वेळी लोणी घातलं नाही, काकवी घातली नाही. हंबीरचा तसा निरोप आहे. चव गेली. सिस्टर बर्नाडेटनी मला केक शिकवला आणि माझ्या हातचं जे खपतंय ते दातवण.

सामान उगाच जागा अडवतं. कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन बदलायला नको.

बरणी रंगूबाईच्या दिरानं जपून न्यायची, हंबीरच्या हातात द्यायची. वर चिठ्ठी लावली आहे, 'खाण्यासाठी नाही'. पहिलं बोट राहीबाईंना.

केकचे दोन्ही साचे दिलावरला. त्यानं त्यात पाव भाजले तरी चालतील, दार उघडून बघितलं तरी चालेल.

अंडी फेटायचं रंगूबाईला. ती त्यानं ताक करते, हे मला ठाऊक आहे.

डागाळलेला चांदीचा चमचा मी ठेवते. दातवण ढवळायला.

उरलेली साखर मुंग्यांना. त्यांनी चहात दोन चमचे घ्यावेत, लपून नको.

कुंकवाच्या जुन्या डबीत हंबीरचा पहिला दुधाचा दात आहे. तेव्हा त्याला सांगितलं होतं, कौलांवर टाकला. टाकवला नाही. ही डबी कुणाला द्यायची नाही. हंबीरनं मागितली तर द्यायची.

मागणार नाही. त्याला माहीतच नाही.